थोरल्यातला खेळ

जिल्हा कार्यालयातून आलेल्या इंगवले साहेबांनी थोरल्याच्या लोखंडी बेडवर पेनाचं टोक दोनदा वाजवलं आणि विचारलं, "हे धूड अजून इथंच?"

थोरला म्हणजे आमच्या शाळेच्या वर्कशॉपमधला सहा फुटी लेथ, लोखंड कातायचं यंत्र. १९६१ साली तो स्टँडपर्यंत ट्रकने आणि तिथून शाळेपर्यंत बैलगाडीने आला, असं माझ्या आधीच्या मास्तरांनी मला सांगितलं होतं. शेजारी एक लहान लेथ होता, तो धाकला. ही नावं मुलांनी ठेवलेली. मी ती डेडस्टॉक रजिस्टरात लिहिली नव्हती, एवढंच.

"इथंच आहे साहेब," मी म्हणालो. "पण आता हाताने नाही, कॉम्प्युटरवर चालतो."

"ऐकलंय. म्हणून तर स्वतः आलो." त्यांनी काखेतली फाइल माझ्या टेबलावर ठेवली. "पण लोहार, म्हाताऱ्याला जीन्स घातली म्हणून तो कॉलेजला जात नाही."

मुख्याध्यापिका शिंत्रे मॅडम दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. लेथच्या दोन बाजूंना माझी दहावीतली दोन मुलं उभी होती, निकहत मुजावर आणि सोमलिंग हिरेमठ. तीही हसली नाहीत. मग साहेबांनी हसू आवरून फाइल उघडली.

ही २०१४ सालची गोष्ट. हिरण्यकेशीच्या काठावर आमचं गाव, आणि गावात आमचं तांत्रिक विद्यालय. आठवी ते दहावीच्या मुलांना मी तिथे एकोणतीस वर्षं लेथ, फिटिंग, थोडं वेल्डिंग शिकवलं. त्या वर्षी वरून कागद आला, की वर्कशॉपचा हॉल रिकामा करायचा. तिथे वीस कॉम्प्युटर येणार, आणि मुलं पडद्यावरच लेथ चालवायला शिकणार. तेल नाही, कचरा नाही, बोट कापायची भीती नाही. पडद्यावरचा लेथ मी पाहिला होता. छान होता. फक्त त्यातून काही हातात येत नव्हतं.

हॉल रिकामा करायचा तर थोरल्याचं निर्लेखन करायला हवं होतं. निर्लेखन म्हणजे यंत्र निकामी ठरवून भंगारात काढणं. त्या फॉर्मवर यंत्र सांभाळणाऱ्याची सही लागते, आणि सांभाळणारा होतो मी.

मॅडमनी एक अट घातली होती. यंत्र चालतं की नाही, ते साहेबांनी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, आणि मगच फॉर्म भरावा. साहेब आले ते फॉर्म भरूनच आले. तीन प्रती, मध्ये कार्बन. फक्त माझ्या सहीची जागा मोकळी होती.

मॅडम चहाचं सांगायला वळल्या तशी साहेबांनी मला खिडकीपाशी घेतलं.

"पाच महिने राहिले ना तुमचे?"

"होय."

"तुमचे पेन्शनचे कागद आमच्याच टेबलावरून जाणार. ते अडकू नयेत असं मला मनापासून वाटतं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लोखंडासाठी कशाला ताणता? सही करा, सुटा."

ते चिडून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते मायेने बोलले. मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते माझं मलाच ठरवता आलं नव्हतं.

थोरल्याला नवीन डोकं बसवायची कल्पना माझी नव्हती. जूनमध्ये सोमलिंगने विचारलं होतं, "सर, शहरातल्या मशिनीला कॉम्प्युटर चाक फिरवून देतोय म्हणे. आपल्याला का देत न्हाई?" मी म्हणालो, देईल की, चाकाच्या जागी मोटार लावली तर. एवढं बोललो आणि अडकलो. मुलांसमोर बोललेलं परत घेता येत नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बंद पडलेल्या पॅकिंग मशीनच्या दोन मोटारी दिल्या. लहान, पण दमदार. कॉम्प्युटर शाळेचाच, तोही आधीच निकामी ठरवलेला. मोटारींना हुकूम देणारा बोर्ड तळहाताएवढा. थोरल्याची हाताने फिरवायची दोन्ही चाकं आम्ही काढली आणि त्या जागी दातेरी पट्ट्यावर फिरणाऱ्या पुल्या बसवल्या. काढलेली चाकं सोमलिंगने खडूने नाव घालून भिंतीवर खिळ्याला टांगली, "थोरल्याचे हात" म्हणून. पहिल्यांदा मोटार फिरली तेव्हा टूल, म्हणजे लोखंड कापणारं पातं, उलटं धावलं आणि ते धरणारं टूलपोस्ट जाऊन गज पकडणाऱ्या चकावर आदळलं. निकहतने लाल बटण दाबलं, श्वास घेतला आणि म्हणाली, "सर, म्हातारा चवताळला."

सगळ्यांत मोठी अडचण मोटारींची नव्हती, खेळाची होती. हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

टूल पुढे-मागे नेणारी स्लाइड एका लांब स्क्रूवर चालते. थोरल्याच्या स्क्रूचे आटे पन्नास वर्षांत झिजलेले. चाक पुढे फिरवत राहिलं तर स्लाइड बरोबर चालते. पण पुढे आलेलं चाक उलट फिरवलं, की ते आधी थोडं मोकळंच फिरतं, आणि मग स्लाइड हलायला लागते. कारखान्यात या मोकळ्या फिरण्याला प्ले म्हणतात. मी मुलांना तो खेळ म्हणून शिकवला. त्याच्यावर उपाय एकच. हवंय त्याच्यापेक्षा जास्त मागे जायचं, आणि मग पुढे येत येत आकड्यावर थांबायचं. आकड्यावर पोहोचायचं ते कायम पुढे येताना. मागे जाता जाता कधीच थांबायचं नाही. हाताने लेथ चालवणारा हे न सांगता करतो. वर्कशॉपमध्ये माझं दिवसाकाठी वीस वेळा बोलून होई, "खेळ काढलास का?"

कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? आमच्या स्वस्त बोर्डात तशी सोय नव्हती. पहिल्या आठवड्यात निघालेला एकही जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, मापात बसला नाही. मग एक दिवस निकहत घरून आली तीच बोलत आली. "सर, आमच्या अम्मीच्या शिलाई मशीनच्या चाकातपण खेळ हाय. अम्मी मशीन बदलत न्हाई, हात बदलते. आपण प्रोग्रॅमलाच हात शिकवू या की."

तिने प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पायरीआधी एक जादा ओळ घातली. आधी आकड्याच्या मागे जा, मग पुढे ये. सोमलिंग त्यांना मानपानाच्या ओळी म्हणायचा. "थोरल्यासमोर जायचं तर चार पावलं मागं सरून, नमस्कार करून जावं लागतंय." त्या दिवसापासून थोरला मापात बोलायला लागला.

तर त्या सकाळी चहा झाला, आणि मी मुलांना म्हणालो, "चला, आपला बुद्धिबळाचा प्यादा करून दाखवा साहेबांना."

"नको." साहेबांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "तुमचा पाठ केलेला जॉब नको. यात अभ्यासक्रमातला नमुना प्रोग्रॅम आहे. तीन पायऱ्यांची पिन. जाडी सोळा, वीस, चोवीस मिलिमीटर. पाच शतांशापर्यंतचा फरक चालेल. वीस शाळांत पडद्यावर हीच पिन निघते, आणि अचूक निघते."

ते मला वावगं वाटलं नाही. परीक्षा घेणाऱ्याने प्रश्न स्वतः आणावा हे बरोबरच आहे.

निकहतने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावरच्या ओळी ती बोटाने एकेक करून वाचत गेली. मधेच बोट थांबलं.

"सर, ह्यात ते..."

"एक अक्षर बदलायचं नाही," साहेब म्हणाले. "आहे तसा चालव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चालव."

सोमलिंगने पंचवीस मिलिमीटरचा लोखंडी गज चकात धरला, आवळला आणि चकाची किल्ली डोक्यावर धरून ओरडला, "किल्ली हातात!" ही आमच्या वर्कशॉपची रीत. किल्ली चकातच राहिली आणि लेथ सुरू झाला तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून किल्ली सगळ्यांना दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. साहेब दचकून मागे झाले.

"एवढं ओरडायला काय झालं?"

"पडद्यावर किल्ली लागत न्हाई साहेब," सोमलिंग म्हणाला. "हितं लागतीय."

निकहतने दोन्ही वेण्या ॲप्रनच्या आत खोचल्या आणि बटण दाबलं. थोरला घुमायला लागला. टूल आपलं आपण पुढे आलं, गजाला टेकलं, निळसर कीस वळ्या घेत खाली पडू लागला. टूल थंड ठेवणाऱ्या साबणाच्या पाण्याचा वास सुटला. चाकाला कुणाचा हात नव्हता आणि तरी टूल चाललं होतं. तीन महिने रोज पाहत होतो, तरी मला ते नवलच वाटायचं. मॅडमही दोन पावलं पुढे आल्या. साहेबांनी चष्मा वर केला.

सात-आठ मिनिटांत पिन तयार झाली. साहेबांनी ती फडक्याने पुसली आणि स्वतःचा मायक्रोमीटर काढला. माप घेताना त्यांचा हात सरावलेला होता. हा माणूस कधीकाळी लेथवरचा चांगला टर्नर असणार, असं माझ्या मनात आलं.

"सोळा पॉइंट शून्य एक," ते म्हणाले. "छान." मग दुसरी पायरी. "एकोणीस पॉइंट एक्क्याऐंशी." त्यांनी परत मोजलं. "एक्क्याऐंशीच. आणि तिसरी, तेवीस पॉइंट ऐंशी."

पाच शतांशाची मुभा, आणि पिन वीस शतांशांनी बारीक. तीही दोन ठिकाणी.

"झालं," साहेब म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. "यंत्र मापात नाही. पोरांनी कष्ट केले, दिसतंय. पण झिजलेलं ते झिजलेलंच. लोहार, सही करा."

फॉर्म माझ्यासमोर होता. मी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. सहीच्या जागेवर टोक टेकवलं. माझी सही 'के. रा. लोहार'. मी 'के' लिहिला.

"साहेब," निकहत म्हणाली, "ह्यात खेळ काढलेला न्हाई."

साहेबांनी मान वळवली. "काय?"

"खेळ साहेब. तो काढलाच न्हाई."

"खेळ?" साहेबांचा आवाज चढला. "मी सत्तर किलोमीटरवरून आलोय. मॅडम, ही मुलगी याला खेळ म्हणते. इथे खेळ चाललाय?"

सोमलिंगला खोकला आला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई ओ साहेब!" निकहत घाईघाईने म्हणाली. "खेळ म्हंजे... सर, तुम्ही सांगा की. कारखान्यात काय म्हणतात ते."

"प्ले," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"हां, प्ले. दोन्हीकडं वीसच कमी आलंय बघा. मशीन खराब असतं तर एकीकडं वीस, एकीकडं पंचवीस आलं असतं. सोळावरनं विसाला जाताना टूल मागं जातंय, तिथं एकदाच खेळ खाल्ला. पुढं तोच चालू राहिला. मशीन चुकत न्हाई साहेब, प्रोग्रॅम चुकतोय."

"हा प्रोग्रॅम वीस शाळांत चालतो."

"पडद्यावरच्या लेथला आटे असतात काय?"

साहेबांनी पिनेवरच्या पायऱ्या पुन्हा पाहिल्या. टर्नर होते ना.

"दोन ओळी घालते," निकहत म्हणाली. "आकडे तुमचेच ठेवते. नुसती वाट बदलते. दहा मिनिटं द्या."

"आणि न आलं तर?"

"तर मी स्वतः थोरल्याला गाड्यावर चढवते. हार घालून."

साहेब माझ्याकडे वळले. माझं पेन अजून कागदावरच होतं. मी काय म्हणणार, याची सगळे वाट पाहत होते. मी पेन उचललं.

"घाल ओळी," मी म्हणालो.

तिने ओळी घातल्या. साहेब तिच्या मागे उभे राहून एकेक अक्षर पाहत होते. सोमलिंगने नवा गज चकात धरला. या वेळी त्याने किल्ली वर धरली तेव्हा साहेब दचकले नाहीत. उलट हळूच म्हणाले, "हातात."

दुसऱ्या पायरीपाशी टूल थांबलं, आकड्याच्या बरंच मागे गेलं, क्षणभर तिथे राहिलं, आणि मग संथपणे पुढे आलं.

"मानपान झाला," सोमलिंग पुटपुटला.

पिन निघाली. साहेबांनी पुसली, मोजली. परत मोजली. मग मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. मी मोजून मॅडमना मोठ्याने सांगितलं, "सोळा पॉइंट शून्य एक. वीस पॉइंट शून्य दोन. तेवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलं साहेबांच्या तोंडाकडे पाहत होती. साहेबांनी पिन बोटांत फिरवली.

"मापात आहे," ते म्हणाले. "पोरगी हुशार आहे. पण लोहार, हे सगळं बाजूला ठेवू. यंत्राला त्रेपन्न वर्षं झाली. आमच्या तक्त्यात आयुष्य दिलंय पंचवीस. कॉम्प्युटर पुढच्या महिन्यात येणार आहेत, ते व्हरांड्यात ठेवायचे का? सही करा." आणि मग खालच्या आवाजात, "आपलं बोलणं झालंय."

आता एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही. पहिल्या पिनचे आकडे साहेबांनी वाचले, तेव्हाच मला कळलं होतं. एक्क्याऐंशी म्हणाले आणि लगेच ऐंशी म्हणाले, तेव्हाच. खरं तर त्याच्याही आधी, निकहतचं बोट पडद्यावर थांबलं तेव्हाच. एकोणतीस वर्षं ज्याने पोरांना "खेळ काढलास का" विचारलं, त्याला कळणार नाही? मला कळलं आणि मी गप्प राहिलो. आकडा चुकला म्हणून मला बरं वाटलं होतं. आता माझ्या हातात काही राहिलं नाही, असं स्वतःला सांगून मी 'के' लिहिला होता.

तो 'के' समोर होता, तीन प्रतींत. कार्बनमधून खालीही उतरलेला. खोडणं शक्य नव्हतं. खोडाखोड केलेला फॉर्म परत येतो, आणि नवा फॉर्म घेऊन साहेबही परत येतात.

मी पेन परत टेकवलं. त्या 'के'पासूनच पुढे लिहीत गेलो, सावकाश, फळ्यावर लिहितो तसं. सहीची जागा संपली, मग समासात गेलो.

साहेबांनी कागद ओढून घेतला आणि वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज आपोआप मोठा होत गेला.

"केव्हाही येऊन चालवून पाहावे. यंत्र चालू आहे, मापात आहे. भंगारात काढण्यास माझी संमती नाही. के. रा. लोहार."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला.

"हे महागात जाईल, लोहार."

"जाऊ दे साहेब."

"मॅडम, तुम्ही सांगा यांना. फॉर्मवर असं लिहितात का?"

शिंत्रे मॅडमनी कागद हातात घेतला, सगळा वाचला. मग पर्समधून शाळेचा शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या समासातल्या ओळींवर तो दाबला. तीनही प्रतींवर, वेगवेगळा.

"शिक्का नसला की तुमच्याकडे त्रुटी काढतात ना?" त्या म्हणाल्या.

साहेबांनी फाइल मिटली. जाताना दुसरी पिन खिशात घालायला लागले, तेव्हा निकहत आडवी आली. तिच्या हातात पहिली पिन होती, ती बारीक निघालेली.

"साहेब, ती आमची," ती म्हणाली. "तुमची ही."

मला वाटलं, आता ते खरंच चिडतील. त्यांनी दोन्ही पिना तळहातावर ठेवून तोलून पाहिल्या. मग चांगली पिन तिला दिली आणि पहिली खिशात घातली. आणि ते गाडीकडे गेले.

माझी पेन्शन अकरा महिने उशिरा सुरू झाली. साहेबांनी मुद्दाम अडवली की कागदच फिरत राहिले, मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. कॉम्प्युटर आले, ते ड्रॉइंगच्या खोलीत बसले. थोरला आहे तिथेच आहे. आठवड्यातून दोन दिवस मी अजून शाळेत जातो, नव्या मुलांची किल्ली हातात आहे ना ते बघायला.

त्या दिवशी साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी स्टुलावर बसलो. सोमलिंग बादली घेऊन पाणी आणायला गेला. निकहत लेथखालचा कीस झाडत होती. झाडता झाडता वर न बघता म्हणाली,

"सर, तो 'के' मी बघितला होता."

पोरीसमोर खोटं बोलायचं वय दोघांचंही नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय?" तिने कीस सुपलीत भरला. "जास्त मागं गेला होता तुम्ही. पण आकड्यावर आला ते पुढं येतानाच की."

आणि सुपली घेऊन ती बाहेर गेली.